येसाक्काचं कौल

फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्या करंजघोळ गावात येसाक्का नावाची वैदीण राहत होती. डोकं दुखतं म्हणून कुणी आलं की ती आधी म्हणायची, “हात ठेवून दाखव.” पडशाने कपाळ दाबणाऱ्याला ती वाफ द्यायची, अर्धं डोकं धरणाऱ्याला अंधारात निजवायची आणि उपाशीपोटी उन्हातून आलेल्याला भाकरी वाढायची. नुसत्या हातावरून ती दुखण्याचं मूळ ओळखायची, असं म्हणतात.

एका थंडीत तुळसाबाईची सून कौशी बाळंत झाली. तिचं डोकं ठणकू लागलं. वारं शिरलं, असं समजून सासूने खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि शेगडीत आणखी कोळसे घातले. दुखणं वाढलं. शेवटी येसाक्काला बोलावणं गेलं.

कौशीने दोन्ही हातांनी सगळंच डोकं धरून दाखवलं. त्यावरून येसाक्कालाही उलगडा होईना.

“अंगणात बसलीस की दुखतं का गं?”

“नाही, अक्का. बाहेर उतरतं. आत आले की पुन्हा सुरू.”

“आणि तुझं, तुळसे?”

“माझं मेलीचं काय विचारता? मलाही ठणकतं इथे बसून.”

“वारं काय सासू-सुनेला वाटून शिरतं होय?”

एवढं बोलून येसाक्का बाळाकडे वळली. ते दूध ओढत नव्हतं, हलवूनही जागं होत नव्हतं. तिने दार सताड उघडलं, बाळ-बाळंतिणीला अंगणात आणलं आणि शेगडी बाहेर फेकली. मग त्या वयात ती छपरावर चढली आणि कौलं उचकटू लागली.

“अक्का, खाली उतरा! माझं नातवंड गारठेल!”

“गारठलं तर पांघरूण घालता येईल, तुळसे!”

छपराच्या भगदाडातून एक काळा पक्षी उडाला आणि त्याच क्षणी बाळाने टाहो फोडला, असं म्हणतात. कोंडलेल्या निखाऱ्यांचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा, म्हणून गावाने त्याला पंख दिले असावेत. बाळ मात्र खरोखरच रडलं आणि तुळसाबाई त्याच्याहून मोठ्याने रडली.

आजही करंजघोळमध्ये बाळंतिणीच्या खोलीवरचं एक कौल सरकवल्याशिवाय शेगडी पेटत नाही. स्लॅबच्या घरात खिडकीचं वरचं तावदान उघडं ठेवतात. त्यालाही ‘येसाक्काचं कौल’च म्हणतात. ते सरकवण्याचा मान सासूचा. माहेरून आलेली आई थंडीची काळजी करू लागली, की सासू तिच्या हातात गोधडी देते आणि म्हणते, “गारठलं तर पांघरूण घालता येईल.”