विराजनं पुसलेली फाइल

"मग सांगा ना उस्ताद, यात खोट कुठं आहे?"

विराज सावर्डेकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. उस्ताद चहात खारी बुडवत होते.

उस्ताद म्हणजे आमचे नायकवडी सर. मिरजेत गाणं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमचे सॉफ्टवेअर शिकवायचे, पण शिस्त गाण्याच्या घराण्याची. त्यांनी मान डोलावल्याशिवाय शिष्याचा प्रोग्रॅम उंबऱ्याबाहेर जायचा नाही.

विराजचा हा पहिलाच प्रोग्रॅम. रक्ततपासणीचे रिपोर्ट छापायचा. चाळीस लॅबना त्याच्या सीड्या त्याच संध्याकाळी रवाना व्हायच्या होत्या; नाही गेल्या तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारी अशी मिरवायचा की आम्हा बाकीच्या पाचजणांना त्याचा मनापासून राग यायचा. आता खोटं कशाला बोलू?

त्याला खरा अभिमान होता तो इन्स्टॉलरचा, म्हणजे प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या आणि नको झाला तर काढणाऱ्या भागाचा. बसवताना छपाईची सामायिक फाइल विंडोजच्या फोल्डरात जाते, तिची नोंद होते. काढताना नोंद पुसली जाते, फाइलही जाते. मागे कणभर कचरा नाही. स्वतःच्या मशीनवर त्यानं हे पन्नास वेळा करून पाहिलं होतं. त्या मशीनवर दुसरा एकही प्रोग्रॅम नव्हता, हे सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही.

उस्तादांनी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"बसव."

बसवला. झकास चालला.

"काढ."

काढला.

"लखलखीत," विराज म्हणाला.

उस्तादांनी दुसरी खारी उचलली.

तेवढ्यात भाभी, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, आतून आल्या. त्यांच्या शिवणक्लासच्या बावीस बायकांना पाच वाजता प्रमाणपत्रं द्यायची होती, आणि ती त्या याच कॉम्प्युटरवर छापायच्या. सकाळी दोन छापून झाली होती. आता त्यांचा प्रोग्रॅम उघडेचना. फाइल सापडत नाही, म्हणे.

विराजनं तिथल्या तिथं निदान केलं: तुमचा प्रोग्रॅमच जुनाट आहे, टाकून द्या. भाभींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असतो तर पाय धरले असते.

उस्तादांनी एवढंच विचारलं की तू आलास तेव्हा ती फाइल तिथं होती का. असेल, विराज म्हणाला, पण मी माझी वरून ठेवली. माझी मी आणली, माझी मी नेली.

"बरं. मग आता घरी जा," उस्ताद म्हणाले. "जाताना बसलायस ती सतरंजी गुंडाळून घेऊन जा."

आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. पण ते हसत नव्हते. विराज उठला. सतरंजीचं टोक धरून ओढू लागला. आम्ही पाचहीजण तिच्यावरच बसलेलो. मी तर मुद्दाम अंग जड केलं. कुणाची तरी बशी कलंडली, चहा सांडला.

"उस्ताद, पण हिच्यावर अजून माणसं..."

तो थांबला. टोक हातातच राहिलं.

...

पुढं त्याला काही शिकवावं लागलं नाही. सामायिक फाइलच्या नोंदीत विंडोज एक आकडा ठेवतं, की किती प्रोग्रॅम तिच्यावर अवलंबून आहेत. येणाऱ्यानं त्यात एक मिळवायचा, जाणाऱ्यानं एक वजा करायचा. शून्य झालं तरच फाइलला हात लावायचा. हे सगळं विराजला पाठ होतं. एकट्याच्या घरात डोकी कोण मोजतो, म्हणून त्यानं तेवढंच गाळलं होतं.

आधी त्यानं भाभींचा प्रोग्रॅम त्यांच्या सीडीवरून पुन्हा बसवला आणि मान खाली घालून माफी मागितली. मग तासभर इन्स्टॉलर दुरुस्त करत बसला. बसवून पाहिला, एकाचे दोन झाले. काढून पाहिला, दोनाचा एक झाला. फाइल जागच्या जागी. भाभींची प्रमाणपत्रं खडखडत बाहेर पडायला लागली तशा आम्ही टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला, अगदी विराजसाठीसुद्धा.

विराज मात्र पडद्याकडे बघत घुटमळत होता. प्रोग्रॅम काढून झाला की त्याचा इन्स्टॉलर मोठ्या अक्षरांत दाखवायचा: 'सगळं काढलं.' या ओळीवर त्याचा फार जीव होता.

"उस्ताद, हे आता खोटं ठरतं. एक फाइल मागं राहतेच. मग इथं लिहू काय?"

उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. पडदा नीट वाचला... आणि मान डोलावली.

"लिही, माझं होतं तेवढं काढलं."