राहिलेली पाठवणी

देवळापुढची ही चिंच तेव्हा माणसाच्या कमरेएवढी होती, म्हणजे बघा किती वर्षं झाली. इथून तीन कोसांवर आंबेगव्हाणात नागू तांबट राहायचा. दिवसभर हंडे ठोकायचे आणि त्या ठोक्यांवरून ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायचं. त्याचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, असं म्हणतात.

नागूला बावन्नावं लागलं आणि गावात खेळ करणारी मंडळी आली. त्यांचा खेळ बघून ह्याने हातोडा ठेवला तो ठेवलाच. बायको सगुणा म्हणाली, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय खूळ? नागूने ऐकून घेतलं आणि मंडळींच्या गाडीमागून चालू लागला. त्याला त्या खेळात काय दिसलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. बरं, मिळालं काय, तर सात वर्षं गणपतीच्या उंदराचं सोंग! गावोगाव पोरं शेपूट ओढायची, आणि घरी सगुणा लोकांचे पापड लाटून चूल पेटती ठेवायची.

आठव्या वर्षी जनकराजा करणारा नट आजारी पडला आणि तो वेष नागूकडे आला. नेमकं त्याच दिवशी त्याच्या ठकूचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. खेळ दुपारचा आणि घर दोन कोसांवर, तेव्हा मी पोचतो, असा त्याने निरोप धाडला. पोचलाही असता. पण सीतेची पाठवणी करताना नागू असा रडला की झाडावरची पाखरं गप्प झाली, असं म्हणतात. लोक ओरडले, पुन्हा. नागूने पुन्हा केलं. लोक परत ओरडले, आणि त्याने तिसऱ्यांदाही केलं. त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो.

तो धावत घरी आला तेव्हा तोंडाचा रंग तसाच होता आणि मांडव रिकामा. कन्यादान मामाने केलं होतं. सगुणा एवढंच म्हणाली, "पोर वेशीपर्यंत मागं बघत गेली." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ठकू माहेरी आली नाही, बाळंतपणालासुद्धा नाही. नागू मात्र जनक करत राहिला आणि पंचक्रोशीत त्याचं नाव झालं.

ठकूला दिलं होतं ते इथेच, आमच्या सावरघळात. बारा वर्षांनी मंडळी इथे आली. त्यांचा एक कडक नेम होता. तोंडाला रंग लागला की त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, आणि त्यानेही स्वतःचं काही बोलायचं नाही. नेम मोडला तर पुन्हा कधी रंग नाही. दुपारी खेळ रंगला, पाठवणी आली, सीतेच्या पदरात घालायला जनकाने नारळ उचलला. तेवढ्यात बायकांमधून ठकू उठली. नेम तिलाही ठाऊक होता.

"जनकमहाराज," ती म्हणाली, "आमचे बाबा कुठं भेटले तर सांगा, माझी पाठवणी राहिली आहे."

मंडळींचा मालक कडेने हात जोडून नको नको म्हणत होता. नागूने खांद्यावरचा शेला ओढला आणि सगळ्या गावादेखत तोंड पुसलं. रंगाखाली एक थकलेला म्हातारा होता.

"आलो गं ठके," तो म्हणाला. "फार उशीर झाला मला."

सीतेचा नारळ त्याने लेकीच्या पदरात घातला. ठकूने त्याला माफ केलं का? मी पुष्कळांना विचारलं, कुणी छातीठोक सांगत नाही. नागू मात्र परत हातोड्याला लागला, आणि त्या दिवशी घरी सगुणा म्हणाली, "पान वाढलंय." शेला झटकला तिथल्या दगडावर पिवळा रंग उडाला, तो अजून जात नाही, असं म्हणतात. मी घासून बघितलाय. हळद असेल म्हणा, पण जात नाही हे खरं.

आजही चैत्रात इथे तो खेळ होतो. पाठवणी आली की जनक तोंड पुसतो, सीता बाजूला सरते, आणि या गावात दिलेल्या ज्या लेकींना बाप उरला नाही किंवा आलाच नाही, त्या एकेक करून पुढे येतात. तो प्रत्येकीच्या पदरात नारळ घालतो. आमचं गाव भारी हौशी, राक्षस मेला तरी त्याला चारदा उठवून पुन्हा मारायला लावतं. पाठवणीला मात्र कुणी पुन्हा म्हणत नाही.