केरबाच्या रेघा

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. वय अडतीस, मिशा भरघोस, आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायचं, हा हट्ट. त्याला आईशिवाय कुणी नव्हतं. आईला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. दोघांना मिळून सहा कोंबड्या होत्या.

आईचं नाव हौसाबाई. तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता, तरी तिच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. म्हणाले, ही गोळी नेम धरून कॅन्सरला मारते. नेम चांगला होता. दोन महिन्यांत खोकला उतरला, हौसाबाई पुन्हा विहिरीपर्यंत चालू लागली. पण जाता जाता गोळीचा धक्का पोटालाही लागत होता. जुलाब सुरू झाले. अन्न नकोसं झालं.

जुलाबाचं हौसाबाईला एवढं काही वाटत नव्हतं. तिला भीती वेगळीच होती. या पोटापायी डॉक्टरांनी गोळीच बंद केली तर?

केरबाला वाटलं, आईला ताकद यायला पाहिजे. त्याने झणझणीत तांबडा रस्सा केला आणि समोर बसून तिला दोन वाडगे पाजला. हौसाबाईची सगळी दुपार परसात गेली. परसातच संडास होता.

केरबाने दवाखान्यात सिस्टरला फोन लावला.

सिस्टर म्हणाली, "अहो केरबा, तिखट नको. आणि एकदम एवढं नको. थोडं थोडं द्यायचं. दर दोन तासांनी."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीची वेळ झाली. केरबाने गोळी पाटावर ठेवली आणि सुरी घेतली. हौसाबाईने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"काय करतोयस रं?"

"चार तुकडं. थोडं थोडं, दर दोन तासांनी."

हौसाबाईने गोळी हिसकावून तोंडात टाकली. केरबाने सिस्टरला फोन लावला.

सिस्टरने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. "गोळी तोडायची नसते. आख्खी द्यायची. पाण्याबरोबर, एका दमात गिळायची."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

दहा वाजता केळं द्यायचं होतं. केरबा एका हातात सालासकट केळं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"आई, आ कर. एका दमात."

"मला मारतोस का काय?"

इथे हसायचं तर हसा. पण माझ्या मुलीच्या तापाच्या औषधावर "जेवणानंतर" लिहिलेलं वाचून, जेवणानंतर म्हणजे नेमकं किती मिनिटांनी, हे विचारायला मी दोनदा फोन केला होता. म्हणून मी हसत नाही.

केरबाने पुन्हा फोन लावला. सिस्टर म्हणाली, "केळं सोलायचं. कुस्करायचं. मग द्यायचं."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

दुपारी शेजारच्या आनंदीकाकूंनी शहाळं आणून दिलं. केरबाने ते सोललं. मग दगडी पाट्यावर ठेवून वरवंट्याने कुस्करलं. पाणी अंगणात गेलं, खोबरं कोंबड्यांनी खाल्लं, आणि हौसाबाईला वाटीभर चोथा मिळाला.

सिस्टर फोनवर म्हणाली, "पाणी आईला द्यायचं होतं. पाणी ठेवायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

संध्याकाळी त्याने बटाटे उकडले. पाणी ठेवलं. बाकीचं टाकून दिलं.

कोंबड्यांनी बटाटेही खाल्ले.

असे आठ दिवस गेले. हौसाबाईचं लुगडं कमरेला दोन वेढे जास्त बसू लागलं. कोंबड्यांना चालताना धाप लागू लागली.

शेवटी सिस्टर म्हणाली, "केरबा, आता एकच काम करा. आई किती वेळा जातात ते आम्हाला कळायला हवं. त्या जाऊन आल्या की एक रेघ मारायची. नंतर आठवून नाही, तिथल्या तिथे. आणि सोमवारी तपासायला याल तेव्हा ते सोबत आणायचं. विसरायचं नाही."

"न्हाई इसरत," केरबा म्हणाला, आणि चुलीतला एक कोळसा खिशात घातला.

हौसाबाईला याचा सुगावा लागला. रविवारी तिने त्याला समोर बसवलं.

"हे बघ. डॉक्टरला जुलाबाचं कळलं तर गोळी बंद करतील. गोळी बंद झाली की मी गेले. तवा पोटाबद्दल चकार शब्द काढायचा न्हाई. माझी शपत हाय तुला."

केरबाचे डोळे भरून आले. "बरं," तो म्हणाला.

सोमवारी वडापच्या जीपमध्ये हौसाबाई पुढे बसली. टपावर केरबाने चादरीत गुंडाळून काय बांधलंय, ते तिला दिसलं नाही.

दवाखान्यात वजन केलं. चार किलो कमी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, पोट कसं आहे? जुलाब होतात का?"

"छे. पोट एकदम झ्याक."

डॉक्टरांनी केरबाकडे पाहिलं. "खरं सांगा. किती वेळा जातात?"

केरबाने ओठ घट्ट मिटले. आईकडे पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेला.

बाहेर बाकावरच्या माणसांनी पाय वर घेतल्याचा आवाज झाला. "अहो, जरा सांभाळून," कुणीतरी म्हणालं. आणि केरबा संडासाचं दार डोक्यावर घेऊन आत आला. कडीकोयंड्यासकट. त्याने ते भिंतीला टेकवलं आणि चादर काढली.

दार कोळशाच्या रेघांनी भरलं होतं. मंगळवारी नऊ. बुधवारी अकरा. शनिवारी दहा आणि खाली एक अर्धी.

डॉक्टर बराच वेळ दार वाचत उभे राहिले. "ही अर्धी रेघ कसली?"

केरबा बोलला नाही. शपथ होती. घाम मात्र फुटला होता.

हौसाबाईला ते बघवेना. "ते नुसतंच जाऊन आले हुते," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने तोंडावर पदर धरला.

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टर खाली बसले. "आजी, हे लपवलं असतंत तर अंगातलं पाणी संपून तुम्ही इथेच भरती झाला असता. आता कळलंय, तर इलाज आहे. जुलाब थांबवायचं औषध देतो. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायचं. गोळीला चार दिवस सुट्टी."

"आणि मग?"

"मग पोट जाग्यावर आलं की पुन्हा सुरू. जरा कमी ताकदीची. बंद नाही करत."

हौसाबाईने पदर खाली घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

"नोंद मात्र फार छान ठेवलीत, केरबा," सिस्टर डोळे पुसत म्हणाली. "ही तर फाईललाच लावून ठेवायला हवी."

"बरं," केरबा म्हणाला.

घरी पोचल्या पोचल्या हौसाबाई जीपमधून उतरली ती थेट परसात गेली. जाऊन थबकली.

"केरबा, दार कुठाय?"

"फाईलला लावून आलो. सुतळीनं."

आता विचार करायला तिला सवड नव्हती. ती आत गेली. केरबा चादर दोन्ही हातांनी ताणून पाठमोरा उभा राहिला. कोंबड्या येऊन बघू लागल्या. थोड्या वेळाने त्याने एका हाताने खिसा चाचपला.

"आई, रेघ कुठं मारू?"

"मार माझ्या कपाळावर," हौसाबाई आतून करवादली.

"बरं," केरबा म्हणाला. "रोज तिथंच मारतो."

चार दिवसांनी दोघं तपासायला गेले. सिस्टरने हौसाबाईच्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिथेच फाईल उघडून गोळी पुन्हा सुरू करायला डॉक्टरांची सही घेतली.

कपाळावर त्या दिवसाची एकच रेघ होती.