माठाची भाजी

“पण मला आत्ताच का नाही, आई?”

भालचंद्र हिवरेकर तिसऱ्यांदा विचारत होते. तालुक्याच्या शाळेचे मुख्याध्यापक, वैराग्यावर तासन् तास बोलणारे. बायको, सुमित्रा, जाऊन अठरा दिवस झाले होते. नोकरीचा राजीनामा खिशात घालून ते सगुणाआईंच्या मठात भगवी कफनी मागायला आले होते.

सगुणाआई माठाची जुडी निवडत बसल्या होत्या. अंगावर विटकं लुगडंच. त्यांच्या गुरूंनी त्यांच्यासाठी ठेवलेली कफनी तेहतीस वर्षं कोनाड्यात घडी घालून पडली होती. त्यांचा एकुलता मुलगा विहिरीत बुडाला, त्यालाही तेवढीच वर्षं झाली होती.

“घरी कोण आहे?”

“मुलगी. सात वर्षांची. तिला भावाकडे ठेवीन. माझं सगळं ठरलंय.”

“बरं... आधी एवढी भाजी कर. दोघांपुरती.”

सगळी उपनिषदं तोंडपाठ असलेल्या माणसाला भाजी करायला सांगायची! भालचंद्रांना राग आला. जन्मात ते कधी चुलीपाशी गेले नव्हते. सुमित्राने जाऊच दिलं नव्हतं.

तेल, लसूण, मिरची. आईंनी भाजून सोललेल्या शेंगदाण्यांच्या मूठभर पाकळ्या दिल्या, त्या पडल्या. वर चिरलेला माठ. कढई शिगोशीग भरली, झाकण बसेना. त्या ढिगाकडे बघून भालचंद्रांनी सढळ हाताने मीठ घातलं.

थोड्या वेळाने पाहिलं, तर तळाशी ओंजळभर भाजी.

“एवढा पाला गेला कुठे?”

“बसला,” आई म्हणाल्या. “आणि शेंगदाणे?”

“ते... तेवढेच आहेत.”

आईंनी दोन पानं वाढली. पहिल्याच घासाला भालचंद्रांचं तोंड वाकडं झालं. भाजी खारट, घशाखाली उतरेना. आई मात्र मुकाट्याने जेवत राहिल्या, पान पुसून घेतलं.

“पालेभाजीत मीठ केव्हा घालायचं?”

भालचंद्रांना सुमित्राचा आवाज ऐकू आला. पाटावर चढून कढईत डोकावणाऱ्या लेकीला ती सांगायची, ‘आधी बसू दे गं तिला. मग मीठ.’

रोज ऐकलं होतं, पेपर वाचता वाचता. कधी लक्ष दिलं नव्हतं. ते लहान पोरासारखे रडले. अठरा दिवसांत पहिल्यांदाच.

आईंनी समजूत घातली नाही. उरलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी बांधली आणि त्यांच्या हातात ठेवली.

“मुलीला दे. वाट बघत असेल.”

भालचंद्र उठले. उंबऱ्याशी थांबले.

“आई... हे बसतं ना? कधीतरी बसतं ना?”

आई कढई घासायला बसल्या होत्या. राखेचा हात थांबला.

भालचंद्रांची नजर कोनाड्यातल्या घडीकडे गेली. विचारू नये ते त्यांनी विचारलं.

“तुम्ही का नाही घातलीत... इतक्या वर्षांत?”

आईंनी पुन्हा कढईला राख लावली.

“अजून झाकण बसत नाही, बाबा.”