दोन चौकोनांमधली रेघ

एका जंगलात कोणत्याच शब्दाच्या अर्थावर एकमत होत नसे. सकाळ म्हणजे झोपायची वेळ, असं घुबड शपथेवर सांगे. म्हणून सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक गोष्टीचा अर्थ सरकारी संगणक सांगेल.

काम सगुणा खारीकडे आलं. वर्षभर तिने संगणकात चौकोन आखले. प्राण्यांच्या चौकोनात पक्षी, पक्ष्यांच्या चौकोनात पोपट. बाहेरच्या चौकोनाला जे लागू, ते आतल्या प्रत्येकाला लागू. व्याख्या महाराजांनी नेमलेली समिती देई, निष्कर्ष संगणक काढी.

सगुणाच्या तीन पिलांचा पावसाळ्याचा वाटा सरकारी कोठारात होता. कोठार रिकामं निघालं, तेव्हा तिने संगणकालाच विचारलं, "धान्य कोणी नेलं?"

"कोठारमंत्री उंदीररावांनी. दारावरच्या सशाने पाहिलं आहे. न विचारता सरकारी धान्य नेतो तो चोर. म्हणून उंदीरराव चोर."

उंदीरराव धावतच आले. "सगुणाताई, अहो, सासुरवाडीला काय तोंड दाखवू मी?"

"व्याख्या समितीची आहे, साहेब. खाली सही तुमचीच."

"मग मध्ये एक रेघ मारा. मंत्री इकडे, चोर तिकडे. जो मंत्री, तो चोर असूच शकत नाही."

"बाकीचं तसंच ठेवून रेघ मारली तर तुम्ही चोर आहात आणि नाहीही, अशी विसंगती शिरेल. मग हे यंत्र वाट्टेल ते सिद्ध करेल."

"वाट्टेल ते?" उंदीररावांच्या मिश्या थरथरल्या. "बाई, मग इतके दिवस थांबलात कशाला?"

सगुणाने नकार दिला. रेघ पोपटाने मारली. समितीत प्रश्न न विचारण्याचा अनुभव त्यालाच सर्वांत जास्त होता.

सगुणा पुन्हा यंत्रासमोर बसली.

"कोठार भरलेलं आहे?"

"होय."

"रिकामं आहे?"

"होय."

"माझी पिलं जेवली?"

"होय."

दुपारी महाराजांचं भाषण झालं. "बांधवांनो, आपल्या राज्यात आता एकही गोष्ट खोटी उरलेली नाही!" विरोधी पक्षाच्या कोल्ह्यांनी निषेध केला आणि मागची निवडणूक आपणच जिंकलो होतो का, असं यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, "होय." कोल्हे समाधानाने घरी गेले.

सगुणाने पिलं जेवल्याच्या उत्तराची छापील प्रत मागून घेतली. ढोलीत पिलं वाट पाहत होती. धाकट्याने कागद हुंगला.

"आई, हे खायचं?"

"नाही रे. हे जेवण झाल्याचं प्रमाणपत्र आहे. निवडणुकीत मतं मागायला येतील, तोपर्यंत जपून ठेव."