मुका तिठा

हा सपाट दगड दिसतोय ना, त्यावर बसू नका. पाप लागेल म्हणून सांगत नाही. दर बारा वर्षांनी कातळोलीच्या सागवाईची पालखी इथे टेकते, आणि ती इथे का टेकते हे ऐकलंत की तुम्हाला बसावंसंच वाटणार नाही. डावीकडची दर्यावाट, खाडीच्या वाळूतून जाते. उजवीकडची रानवाट, बोरिंद गावावरून, लांबची आणि चढाची. दोन्ही वाटा घाटाखालच्या कडजाईच्या देवळाशी मिळतात. कडजाई ही सागवाईची थोरली बहीण. धाकटी थोरलीला भेटायला चालत जाते. या जागेला मुका तिठा म्हणतात.

आमच्या गावातले जुने लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा डोळे मिटतात, हात जोडतात आणि नको ते गाळतात. मी गाळणार नाही.

फार पूर्वी म्हणे पालखीला दोन नियम होते. एकदा उचलली की बहिणीच्या दारापर्यंत जमिनीला टेकवायची नाही, आणि तिचं तोंड माघारी फिरवायचं नाही. नियम घातले म्हाताऱ्यांनी, आणि पालखी वाहायची तरण्यांनी. पुढच्या उजव्या खांद्याचा मान यसू नावाच्या विधवेच्या घराकडे होता. तिला दोन मुलगे. थोरला धाकू उंचापुरा, नारळाच्या झाडासारखा सरळ. त्या वर्षी खांदा त्याचा होता.

गावचा कारभार तेव्हा भिवा गावकर बघायचा. आधीच्या खेपेला बोरिंदकरांनी मानाचा नारळ याच्या हातात न देता दुसऱ्याच कोणाच्या हातात ठेवला होता. बारा वर्षं तो नारळ याच्या घशात अडकून बसला होता. पालखी या तिठ्यावर आली तेव्हा त्याने जाहीर केलं, "बोरिंदची वेस मी ओलांडायचो नाही. दर्यावाटेने चला."

पण वाट ठरवायची तर कौल लावायला हवा. गुरवाने तिठ्यावरच्या देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, दर्यावाटेने जाऊ का? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली.

"पाकळी नीट ओली नव्हती," भिवा म्हणाला.

पुन्हा लावला. पुन्हा डावी.

"गलका किती करताय! देवीला ऐकू तरी जाईल का?"

तिसऱ्या वेळी गुरवाने डावी पाकळी गुळाच्या बोटाने चिकटवली, असं सांगतात. उजवी पडली. म्हाताऱ्यांनी जयजयकार केला. देवीने तोंड फोडून नाही म्हटलं असतं तरी यांनी तिला घसा बसलाय म्हणून काढा पाजला असता.

या सगळ्यात ओहोटी सरली. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला पाणी कधी फिरतं हे कुणी सांगावं लागत नाही. भिवाला कळत होतं, गुरवाला कळत होतं. यसू तेवढी मोठ्याने बोलली, "गावकरांनू, पाणी परतलंय. पुढच्या ओहोटीपर्यंत थांबा."

"थांबून पालखी कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" भिवा म्हणाला, आणि चारचौघे हसले.

पालखी वाळूत उतरली. रीतीप्रमाणे तरणे पुढे, म्हातारे मागे. खाडीच्या मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा म्हातारे माघारी वळले आणि धोतरं सावरत काठावर आले. माघारी न फिरण्याचा नियम पालखीला होता, म्हाताऱ्यांना नव्हता.

पाणी कमरेला आलं, छातीला आलं. पायाखालची वाळू सरकायला लागली. चौघांनाही पोहता येत होतं. पालखी सोडली असती तर भिजून का होईना, घरी आले असते.

"टाक रे ती! धाकू, टाक!" यसू काठावरून ओरडत होती.

"टेकवाल तर खबरदार!" भिवा तिच्याहून मोठ्याने ओरडला. "चारी घरं वाळीत टाकीन! यांना विस्तव द्यायचा नाही, विहिरीला हात लावू द्यायचा नाही!"

धाकूने एकदा मागे वळून आईकडे पाहिलं. विस्तव आणि पाणी तिचंच जाणार होतं. मग त्याने दांडा खांद्यावरून उचलून हातांवर धरला. बाकीच्या तिघांनीही धरला. पाणी त्यांच्या डोक्यांवरून गेलं, हात दिसत राहिले. मग हातही गेले.

पालखी तेवढी तरंगत काठाला लागली. आतली देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, कोरडी होती म्हणे. भिवाने आधी तीच पाहिली. "देवी तरली!" असा गजर झाला. ओहोटीला वाळू उघडी पडली, तेव्हा चौघे उभे होते तिथे चार खडक होते. आमचे म्हातारे सांगतात की देवीने त्यांना अमर केलं. मी त्या खडकांपर्यंत पोहून गेलोय. त्यांना कालवांचे शिंपले लागतात, दुसरं काही नाही.

मग पालखी परत या तिठ्यावर आली. आता रानवाटच उरली होती, आणि माघारी न फिरण्याचा नियम कुणाला आठवला नाही, बोरिंदचा रागही नाही. भिवाने नवे चार खांदे पुकारले. पुढचा उजवा मान यसूच्या घराचा, म्हणून पहिलं नाव तिच्या धाकट्याचं.

तेव्हा यसूने दांड्याला हात घालून पालखी खाली ओढली आणि याच दगडावर टेकवली. नियम मोडला. आभाळ कोसळलं नाही. ती पालखीसमोर बसली आणि म्हणाली, "वाट ज्याने निवडली, त्याने खांदा द्यायचा."

भिवाने तरण्यांना पालखी उचलायला लावली. हलेना. आठ जण लावले, तरी हलेना. शेवटी भिवा, गुरव आणि मागून जयजयकार करणारे दोन म्हातारे दांड्याखाली आले, तेव्हा ती पिसासारखी वर आली, असं सांगतात. आणि खांद्यावर बसल्यावर धोंड्यासारखी जड झाली. यसू मागून चालत होती. भिवा टेकवायला बघायचा तेव्हा ती एवढंच विचारायची, "टेकवायची नाही ना रे?" बोरिंदच्या वेशीवर तो दांड्याखालीच मेला. बोरिंदकरांनी मेल्या हातात मानाचा नारळ ठेवला. यसूने तो काढून घेतला, फोडला आणि खोबरं कुत्र्यांना घातलं.

तेव्हापासूनची रीत. पालखी इथे टेकते, गुरव विचारतो, "कोणती वाट?" जो पहिला बोलेल, त्याने खांदा द्यायचा. आमचे म्हातारे एरवी लग्नापासून मुतारीपर्यंत प्रत्येक गोष्टीत तोंड घालतात, पण इथे आंब्याच्या सावलीत दातखीळ बसल्यासारखे बसतात. दुपार होते. उन्हात उभ्या राहिलेल्या तरण्यांपैकी कुणीतरी वैतागून बोलतो, "चला की रानवाटेने!" की लगेच सगळ्या दातखिळी सुटतात. "बोलला! बोलला! दे खांदा!" यसूने त्यांच्यासाठी घातलेली रीत त्यांनी अशी आमच्या गळ्यात घातली.

आजही इथे कुणीतरी बोलायची वाट बघेपर्यंत खाडीला भरती येते. चारांतले तीन खडक बुडतात, पुढचा उजवा सगळ्यांत शेवटी. धाकू उंच होता. तो बुडेपर्यंत म्हातारे रानाकडे तोंड करून बसतात. देवीचं तोंड तिकडे असतं म्हणून, असं सांगतात.