रुळाची घंटा

माळावर गाडी थांबायची, त्या काळातली ही गोष्ट नाही. गाडी बंद पडून वस्ती उठून गेली, त्यानंतरची आहे.

फलाटावर रुळाचा तुकडा टांगलेला होता. तीच स्टेशनची घंटा. गाडी आली की तिच्यावर तीन टोले पडायचे. तीस वर्षं ती मुकी होती.

मग पांगलेली माणसं परतली. स्टेशन पुन्हा उभं करायचं म्हणून त्यांनी ढासळलेला फलाट नव्यानं बांधला, बाकड्याला रंग दिला आणि वारलेल्या पोर्टरच्या बायकोला, ठकूबाईंना, टोले द्यायला सांगितलं.

तीन टोले पडले. भर दुपारी वारा थांबला. रूळ कधीच उखडले होते, तिथलं गवत सरळ रेषेत आडवं झालं. रिकामं बाकडं करकरत खाली वाकलं.

"गाडी आली का?" घंटेनं विचारलं.

"येऊन गेलीसुद्धा," बाकडं म्हणालं. "उतरलेली सगळी आपलीच, जुनी माणसं आहेत. घरं कुठं गेली म्हणून विचारतायत."

त्याच पडक्या घरांचे दगड उपसून फलाट बांधताना घंटेनं पाहिलं होतं.

ठकूबाईंनी पायाखाली पाहिलं. मधोमध झिजलेला तो दगड त्यांच्याच उंबऱ्याचा होता.

"या," त्या हलकेच म्हणाल्या आणि पदर सावरून दगडावरून बाजूला झाल्या.